घाटमाथा कुणाच्या यादीत आहे?

27 सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन येतो आणि छत्रपती संभाजीनगरात कुठल्या ना कुठल्या सभागृहात परिसंवाद झडतो. त्यात एक वाक्य हमखास असतं: पॅरिसवाले एका लोखंडी मनोऱ्यावर अख्ख्या जगाला बोलावतात, आणि आपल्याकडे डोंगरातून कोरून काढलेला वेरूळचा कैलास असून आपल्याला तो विकता येत नाही. टाळ्या पडतात. मग विमानफेऱ्या, अजिंठ्याचा रस्ता, ब्रँडिंग असे विषय क्रमाने येतात. शासनाने या शहराला राज्याची पर्यटन राजधानी ठरवलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण रडगाणं तेच आहे.

यातलं रस्त्याचं आणि विमानाचं गाऱ्हाणं रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'आपण विकण्यात कमी पडतो' या निदानाशी. हे निदान इतकं लाडकं झालंय की त्याची उलटतपासणी करायला कुणी धजत नाही. बाकीच्या मतांवर शाई खर्च करायचं कारण नाही. पर्यटनच नको म्हणणाऱ्यांनी ते एकदा अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या टपरीवाल्याला जाऊन सांगावं, आणि लेण्यांवर लेझरचे झोत सोडले की तरुण पिढी धावत येईल म्हणणाऱ्यांनी आधी तरुणांना विचारावं.

विक्री कमी पडली म्हणजे नक्की काय झालं? जगाला अजिंठा ठाऊकच नव्हता? 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीशी पोचला, तेव्हापासून अजिंठ्याला प्रसिद्धीची वाण कधीच पडलेली नाही. 1844 मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल याला चित्रांच्या प्रती करायला धाडलं. त्याच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. त्यांच्याही पुष्कळ प्रती लंडनलाच जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या मदतीला नंदलाल बोस होते. निझामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी चित्रांचे देखणे खंड छापले. 1983 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत भारताची पहिली चार नावं गेली, त्यांत ताजमहाल आणि आग्र्याच्या किल्ल्यासोबत अजिंठा आणि वेरूळ होते. दोनशे वर्षं एवढा गाजावाजा झालेल्या जागेला 'मार्केटिंग कमी पडलं' म्हणायचं, तर मार्केटिंग कशाला म्हणतात ते तरी एकदा ठरवावं लागेल.

उलट, त्या गाजावाजाची किंमत भिंतींनी मोजली आहे. प्रती करताना रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर रोगण चढवलं गेलं. 1920 च्या सुमारास निझामाने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी निसटते पापुद्रे धरून ठेवायला लाख वापरली. तिचा हेतू वेगळा होता, चित्रं त्यामुळे वाचलीही. पण हे सगळे थर काळाच्या ओघात पिवळे-काळे पडले आणि ते हलक्या हाताने उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. आज चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण माणसाच्या श्वासातला दमटपणा त्या मातीच्या गिलाव्याला सोसत नाही. जिथे माणसं मोजून आत सोडावी लागतात, तिथे 'पर्यटक दुप्पट करू' ही घोषणा नेमकी कुणासाठी असते?

यावर प्रतिपक्षाचं ठेवणीतलं उत्तर असतं: पैसा आला तर जतन होईल, म्हणून आधी विक्री. मग पैशाचंही पाहू. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकासाचा मोठा प्रकल्प झाला. पायथ्याशी भव्य अभ्यागत केंद्र उभं राहिलं, त्यात 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बसवल्या. काही वर्षांतच ते वीज-पाण्याच्या थकबाकीत बंद पडलं. हा व्यवस्थापनाचा दोष, असं म्हणतात. तो आहेच, पण चूक आराखड्यातच होती असं मला वाटतं. वाघूरचं वळण नाही, घोड्याच्या नालेसारखा कडा नाही, सातकुंडाच्या धबधब्याचा आवाज नाही. उरल्या त्या सपाटीवरच्या चार खोल्या. स्थळ उचलून दुसरीकडे ठेवता येतं, या समजुतीवर बांधलेली इमारत चालली असती तरच आश्चर्य होतं.

हीच समजूत मला विक्रीवाद्यांच्या मुळाशी दिसते. विकायची वस्तू आधी सुटी करावी लागते. म्हणून देशाच्या पर्यटन जाहिरातीत हिमालयाच्या वाट्याला बर्फ येतो, राजस्थानच्या वाट्याला वाळू, केरळच्या वाट्याला संथ पाणी आणि आमच्या वाट्याला लेणी. एवढ्या मोठ्या देशाची विविधता एका पानावर मावते आणि प्रत्येक प्रांताला एकेक चित्र मिळतं. वर पुन्हा दोन रकाने: 'निसर्ग' आणि 'वारसा'. वेरूळ वारशात, लोणार निसर्गात. लोणारच्या विवराच्या उतारावर आणि काठाने जुनी देवळं आहेत. वेरूळला तर देऊळ आणि डोंगर यांतली सीमारेषा दाखवा म्हटलं तर बोट कुठे ठेवणार? कैलास हा बसाल्टच आहे, फक्त भोवतालचा काढून टाकलेला. तरीही रकाने दोनच.

सुट्या केलेल्या वस्तूचं काय होतं ते सहलीच्या कार्यक्रमात बघा. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन चढतं ते दुपारनंतर. पॅकेजवाले वेरूळ सकाळी उरकतात, कारण दुपारी शहरातला बीबी का मकबरा आणि पाणचक्की असते. मकबऱ्याला 'दख्खनचा ताज' म्हणून दाखवायचं आणि तो ताजसारखा का नाही म्हणून हळहळायचं. पाणचक्कीवर कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो काढायचा. ते पाणी शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतून जमिनीखालच्या नळांनी, केवळ उताराच्या जोरावर आलेलं आहे, हे फोटोत येत नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली, तिला पाणी पाजणाऱ्या नहरींची ही परंपरा. आज त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, पण तो विषय पर्यटनाच्या परिसंवादात बसत नाही.

माझा मुद्दा एका भेदावर येऊन थांबतो: स्थळ पाहणं आणि प्रदेश पाहणं. अजिंठ्याची बस अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरते, तेव्हा तिने एक पाणलोटरेषा ओलांडलेली असते. अजिंठ्याच्या लेण्यांवर पडलेला पाऊस वाघूरमार्गे तापीला आणि तिथून अरबी समुद्राला जातो. वेरूळवर पडलेला गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच पॅकेजमध्ये विकल्या जाणाऱ्या दोन 'आकर्षणां'मध्ये एवढा मोठा भूगोल पडून आहे आणि बसमध्ये त्याचा उच्चारही होत नाही. दख्खनचं पठार इथे संपतं आणि खाली खानदेश उघडतो. पैठणहून उत्तरेला निघालेल्या व्यापाऱ्याला हा कडा उतरावाच लागे. उतरता येईल तिथे घाट झाले, आणि घाटांच्या आसपास लेणी. सगळ्याच लेण्यांचा उलगडा व्यापाराने होतो असं नाही. भिक्षूंना एकांतही हवा होता, आणि कैलास तर राष्ट्रकूट राजाची ईर्षा आहे. पण घाटमाथा वगळला तर ही लेणी इथेच का, याला उत्तर उरत नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटेल त्यांनी कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जावं. पॅकेजमध्ये ते क्वचितच असतं. तिथल्या लेखांत पैठणच्या एका गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवल्याचं कोरलेलं आहे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जिन्याच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. खडकातून खोदलेल्या पन्हळीचं पाणी त्याच्या फण्यांतून गळावं अशी योजना होती. म्हणजे खडकात पाणी मुरतं हे कोरणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याने त्याचीच शोभा केली. शेवटी पाणीच जिंकलं. खडक कच्चा, दर्शनी भाग ढासळून गेला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आहे. वर संभाजीनगर जिल्हा, खाली जळगाव. लेणी पुरातत्त्व खात्याची, जंगल वन खात्याचं. कडा कुणाचाच नाही, कारण कड्याला तिकीट लावता येत नाही.

प्रदेश पाहणारे लोक नाहीत असंही नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. दौलताबादचा घाट कुठे सुरू होतो हे त्यांना पाटीवर वाचावं लागत नाही, पोटऱ्या सांगतात. परिसंवादात यांची गणती 'भाविक' अशी होते, पर्यटक म्हणून नाही. त्यांचं कौतुक मी भाबडेपणाने करत नाही. तेही वाटेवरच्या देवगिरी किल्ल्याकडे मान वर न करता जातात आणि रस्त्यावर पत्रावळ्या टाकतात. पण ते रस्ता चालतात, आणि रस्ता चालणाऱ्याला दोन स्थळांमधला मुलूख गाळता येत नाही.

'हे सगळं चार अभ्यासकांसाठी ठीक, सामान्य माणसाला दोन दिवसांत हे कसं जमणार?' असा आक्षेप येईल. दोन दिवसांत दहा ठिकाणं जमतात, तर हे न जमायला काय झालं? एक ठिकाण कमी करा आणि घाटमाथ्यावर बस थांबवा. गाइडला परवाना देताना राजांच्या सनावळीसोबत पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हेही विचारा. पितळखोरा आणि पाटणादेवी यांचा नकाशा दोन जिल्ह्यांनी मिळून छापा. यासाठी परदेशी कर्ज लागत नाही. यातून पर्यटकांची संख्या वाढेल असं आश्वासन मी देणार नाही, बहुधा ती वाढणारही नाही. आलेला माणूस मात्र एक दिवस जास्त राहील, कारण त्याला पाहायला काहीतरी उरलेलं असेल. तो थांबत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी तरी या हिशेबाला नाक मुरडू नये.