न बोलावलेली साक्षीदार

“खून कुणी केला हे पहिल्याच प्रकरणात सांगून टाकायचं आणि पुढची तीनशे पानं वाचकाला अंधारात फिरवायचं, याला रहस्य म्हणतात?” विल्यम फॉकनरच्या ‘अब्सलम, अब्सलम!’बद्दल आमच्या वाचकगटातल्या एका वकीलसाहेबांनी हे विचारलं. मी तावातावाने उत्तर दिलं. बैठक संपली, तरी प्रश्न काही डोक्यातून जाईना.

अमेरिकेची दक्षिण, कापसाचे मळे, गुलामगिरी, यादवी युद्ध हे सारं आपल्याला सिनेमांतून ठाऊक आहे. मार्गारेट मिचेलची ‘गॉन विथ द विंड’ १९३६ सालची आणि फॉकनरची ही कादंबरीही त्याच सालची. युद्ध तेच, हवेल्या त्याच. फॉकनरचा थॉमस सटपेन १८३३ मध्ये मिसिसिपीतल्या एका गावात कुठूनसा उगवतो, चिकसॉ आदिवासींची शंभर चौरस मैल जमीन मिळवतो, गुलामांकडून हवेली बांधून घेतो, संसार थाटतो. १८६५ मध्ये त्याचा मुलगा हेन्री हवेलीच्या फाटकापाशी चार्ल्स बॉनला गोळी घालतो. बॉन म्हणजे हेन्रीचा जिवलग मित्र आणि त्याच्या बहिणीचा ठरलेला नवरा. हेन्री नाहीसा होतो. त्याने असं का केलं, हेच कोडं.

वाचताना भय वाटत नाही; जीव गुदमरतो. सुरुवात १९०९ सालच्या सप्टेंबरातल्या एका दुपारी होते. सटपेनची मेहुणी रोझा त्रेचाळीस उन्हाळे झडपा न उघडलेल्या खोलीत बसून क्वेंटिन कॉम्प्सन या तरुणाला आपली कहाणी ऐकवते. वाक्य संपतच नाही. मध्येच कंस उघडतो, त्यात एक अख्खं आयुष्य येऊन जातं, आणि कंस मिटेपर्यंत कोण बोलत होतं याचा विसर पडलेला असतो. मी काही पानं मोठ्याने वाचून पाहिली, तेव्हा कुठे त्या वाक्यांचा श्वास सापडला. थकवा येतो, राग येतो. मग कधीतरी आपण ऐकणं सोडून स्वतःच तर्क करू लागतो. पुढच्या जानेवारीत, हार्वर्डच्या गारठलेल्या खोलीत क्वेंटिन आणि त्याचा कॅनडाचा मित्र श्रीव रात्रभर ही गोष्ट जुळवत बसतात, तेव्हा त्या खोलीत तिसरे आपण असतो. इतकं आत ओढून घेणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

कौटुंबिक रहस्याच्या कादंबऱ्या वाचताना मी एक फरक कायम मनाशी धरतो: न कळलेलं वेगळं आणि न बोललेलं वेगळं. पोलिसी कथेत गोष्ट कळलेली नसते. कळली की सुटलो. घरात बहुतेक सगळ्यांना सगळं कळलेलं असतं, फक्त कुणी बोलत नाही. ते बाहेर आलं तरी सुटका होत नाही, कारण गप्प राहिलेल्यांत आपणही होतो हे त्याच क्षणी समोर येतं. वकीलसाहेबांना मी हेच सांगितलं होतं.

त्यांचा मुद्दा मात्र बाजूला सारण्यासारखा नाही. श्रीव आणि क्वेंटिन काढतात तो उलगडा असा: बॉन हा सटपेनचाच पहिला मुलगा. त्याच्या आईच्या रक्तात काळ्या पूर्वजांचा अंश असल्याचं कळताच सटपेनने हैतीत मायलेकांना टाकून दिलेलं. बहिणीचं सावत्र भावाशी लग्न होणार हे हेन्री एकवेळ पचवतो, काळं रक्त त्याला पचत नाही. कादंबरी आली तेव्हाही मिसिसिपीत असं मिश्र लग्न गुन्हाच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले ते थेट १९६७ मध्ये. “पण याला पुरावा काय?” वकीलसाहेब म्हणाले. “आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने मुलाला, बाकीचं दोन पोरांनी कल्पलं. ऐकीव गोष्टींवर तुम्ही रडता.” होय, रडतो. त्या दोघांनी कल्पलेला बॉन बापाकडे नाव मागत नाही, इस्टेट मागत नाही. तू माझा आहेस, एवढी एक खूण त्याला हवी असते आणि ती कधीच येत नाही. त्या दुःखाला पुरावा लागत नाही.

शीर्षकाकडेही पाहावं. बायबलमध्ये अबशालोम बापावर उलटतो, मारला जातो, आणि तरीही दावीद राजा त्याचं नाव घेऊन आक्रोश करतो. शीर्षकातली हाक त्या बापाची आहे. कादंबरीत ती कुणीच मारत नाही. सटपेनचा एक मुलगा मेला, दुसरा परागंदा झाला. सटपेन मात्र नवा वारस मिळवायच्या मागे लागतो. मुखपृष्ठावरची ती हाक आत तीनशे पानं शोधूनही सापडत नाही. हे पहिल्यांदा ध्यानात आलं, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

पण ‘पुरावा’ हा शब्द पाठ सोडेना. पुरावा हवा तर साक्षीदार हवा, आणि या घरात साक्षीदार आहे: क्लायटी. सटपेनला गुलाम बाईपासून झालेली मुलगी. खुनानंतर रोझा धावत हवेलीवर येते, तेव्हा जिन्यापाशी तिचा दंड धरून तिला थांबवणारी क्लायटीच. १९०९ मध्ये रोझा पुन्हा तो जिना चढू पाहते, तेव्हाही वाट अडवते क्लायटीच, आणि रोझा तिला ठोसा मारून पाडते. लपून परतलेल्या हेन्रीला तिने चार वर्षं सांभाळलेलं असतं. शेवटी त्याला पकडायला माणसं आली असं वाटून ती हवेली पेटवते आणि त्याच्यासह जळून जाते. ती जन्मभर त्या घरात राहिली. तिला काय माहीत आहे, हे कुणी तिला धड विचारत नाही. पुराव्यासाठी अडून बसलेल्या वकीलसाहेबांनीही तिचं नाव काढलं नाही.

म्हणजे माझा तो आवडता फरक इथे पुरत नाही. न बोललेलं आणि न विचारलेलं यांतही अंतर आहे. त्या घरातलं गूढ गोऱ्या बाजूने पाहिलं तरच गूढ आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनने १९५५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात व्हर्जिनिया वुल्फबरोबर फॉकनरचा अभ्यास केला होता आणि १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ लिहिली. तिच्या कादंबरीतही घर झपाटलेलं आहे, पण घरातल्यांना ते भूत कुणाचं हे सुरुवातीपासून ठाऊक असतं. ज्यांनी सोसलं त्यांच्या बाजूने लिहिलं, की कोडं उरत नाही, दुःख उरतं.

मला झपाटून टाकणाऱ्या त्या धुक्यातला मोठा भाग न विचारण्यातून आलेला आहे, असं आता मला वाटतं. फॉकनरला हे दिसत होतं की नाही, यावर मी वकीलसाहेबांशी पुन्हा भांडणार आहे. माझा पुरावा पुस्तकातच, शेवटी जोडलेल्या वंशावळीत आहे. तिथे क्लायटीची नोंद आहे: जन्म १८३४, मृत्यू १९०९, दोन्ही त्याच हवेलीच्या जमिनीवर. बापाचं नाव थॉमस सटपेन. आईपुढे फक्त ‘एक निग्रो गुलाम’.