शिष्यऋण

शिष्याने गुरूचे ऋण कसे फेडावे, याविषयी आपल्या वाङ्मयात पुष्कळ विवेचन झाले आहे. परंतु गुरूही शिष्याचे काही देणे लागतो की काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मनात तो उभा राहिला, तो ग्रंथालयात नव्हे, तर कुस्तीच्या फडात.

आमच्या निलंगा तालुक्यात जत्रांचे दिवस आले म्हणजे हलगी वाजू लागते आणि गावोगावी फड भरतात. हळद, तेल व ताक घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत मल्ल उतरतात. येथील न्याय सोपा आहे: पाठ मातीला लागली, की निकाल. सवड भरपूर असल्यामुळे दमदार मल्ल प्रतिपक्ष्याला अंगाखाली घेऊन दमवितो व मग चितपट करितो. एका मोसमात असे चार फड जिंकणाऱ्या पोराला इनाम मिळते, फेटा मिळतो, आणि त्याबरोबर त्याच्या वस्तादाचेही नाव होते.

हाच मल्ल गादीवर गेला म्हणजे सृष्टीच बदलते. तेथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. प्रतिपक्ष्याला खाली घेतले की दोन गुण, वर्तुळाबाहेर लोटले की एक. नुसते थोपवून धरणाऱ्यास दंड होतो. मातीत ज्या संथपणाला आपण धीर म्हणून वाखाणतो, त्यालाच येथे आळस समजतात. पहिलवानाचे अंग तापेपर्यंत कुस्ती हातची गेलेली असते. वस्तादाने त्याला खोटे काही शिकविले नव्हते; येथे जे जिंकते तेच शिकविले होते. मग दोष कोणाचा?

हा पेच केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘स्प्रेड’ नावाची चढाई रूढ झाली. खेळाडू मैदानभर पांगवून ठेवावयाचे. क्वार्टरबॅक या सूत्रधाराने चेंडू पाच पावले मागे उभे राहून घ्यावयाचा, आणि पुष्कळदा कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या खुणेकडे पाहूनच पुढची चाल करावयाची. या पद्धतीने विद्यापीठे सामने जिंकू लागली. परंतु धंदेवाईक संघांत प्रतिपक्ष्याची मांडणी सूत्रधाराने स्वतःच्या बुद्धीने वाचावी लागे, व तेथे यांतील अनेक जण अडखळले. फ्लॉरिडा विद्यापीठाचा टिम टीबो २००७ साली महाविद्यालयीन खेळातील सर्वोच्च मान मिळवूनही वरच्या मैदानात दोन-तीन हंगामांपलीकडे टिकला नाही. विद्यापीठाला विजय मिळाला. त्याची किंमत मात्र विद्यार्थ्याने चुकविली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. तालमीतील शंभर पोरांपैकी ऑलिंपिकला जाणार एखादाच. त्या एकासाठी उरलेल्या नव्व्याण्णवांच्या वाट्याचा जत्रेतला आनंद का हिरावून घ्यावा? गावचा फड ही काही परदेशच्या स्पर्धेची पायरी नव्हे. ते स्वतःच एक साध्य आहे. हे मला मान्य आहे. परंतु त्या शंभरांतून वरची वाट कोणी धरावयाची, हे ठरविणार कोण? बारा वर्षांच्या पोराला दोन मैदानांतील भेद ठाऊक नसतो. वस्तादाला तो असतो. ज्याला ठाऊक आहे त्याने मौन धरावे, आणि त्या मौनातून त्याचीच कीर्ती वाढावी, येथे मला अनीती दिसते. मातीत जिंकविणे हे पाप नव्हे. ही माती म्हणजेच सगळे जग, असा समज शिष्याच्या मनात राहू देणे हे पाप होय.

माती मनुष्याला पंगू करिते, असेही नाही. खाशाबा जाधव मातीतच घडले. १९४८ साली लंडनला गादी व तिचे नियम त्यांना नवखे होते, तरी ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. आमच्याच तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढल्याच वर्षी एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. पुढे ते स्वतः वस्ताद झाले, आणि त्यांच्या हाताखाली पाटोद्याचा राहुल आवारे घडला. २०२० सालच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागातून आलेला लातूरचा शैलेश शेळके व गादी विभागातून आलेला हर्षवर्धन सदगीर शेवटी समोरासमोर उभे राहिले. सदगीर तीन विरुद्ध दोन गुणांनी जिंकला. दोघेही काका पवारांचेच शिष्य! एकच गुरू दोन्ही मैदानांचे ज्ञान देऊ शकतो, याला याहून निराळा पुरावा नको.

शिवाय, वरचे मैदान तरी कोठे स्थिर आहे? २०१३ साली कुस्ती ऑलिंपिकमधून वगळली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा गुणांचे नियमच बदलले. अमेरिकेतही पुढे धंदेवाईक संघांनी महाविद्यालयांच्या चाली उचलल्या, आणि तशाच पद्धतीत वाढलेल्या पॅट्रिक माहोम्सने २०२०, २०२३ व २०२४ साली अजिंक्यपद जिंकून दाखविले. तेव्हा उद्याच्या नियमांची घोकंपट्टी करून घेणे हेही गुरूचे कर्तव्य होऊ शकत नाही. नियम बदलले तरी पुन्हा शिकता येईल, असा शिष्य घडविणे, आणि आज तो काय शिकतो आहे व काय शिकत नाही हे त्याला उघड सांगणे, एवढेच शिष्यऋण.

वस्तादांना हा उपदेश करिताना माझीच मान खाली जाते. गेली पंचवीस-तीस वर्षे मी वर्गात इंग्रजी शिकवितो. परीक्षेत कोणते प्रश्न येतील याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही, आणि त्यामुळे वर्गाचा निकालही उत्तम लागतो. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. पुण्यातील एका मुलाखतीत त्याला, तुमच्या आवडत्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोला, असे सांगण्यात आले होते. तो म्हणाला, “सर, उत्तरे सगळी पाठ होती, पण पुस्तक एकही वाचले नव्हते.” त्याच्या शब्दांत तक्रारीचा सूर नव्हता. उलट, जाताना त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला.

आपले ऋण त्याने फेडले. माझे अजून तसेच आहे.