अंग काढून घेणाऱ्याचे देणे

लढाई सुरू करणाऱ्याला जग जाब विचारते. ती सोडून येणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. शस्त्र खाली ठेवले की पुण्यच घडले, अशी आपली साधी समजूत असते. ही समजूत कितपत खरी, याचा विचार आम्हांला वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीचे नाव सात वीरांमुळे महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पण नेसरीची गोष्ट नेसरीत सुरू होत नाही, उमराणीत होते. एप्रिल १६७३ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजरांनी तेथे विजापूरच्या बहलोलखानाला कोंडले, त्याच्या फौजेचे पाणी तोडले. खान शरण आला. प्रतापरावांनी दया येऊन वाट मोकळी करून दिली. दया हा काही दोष नव्हे. पण ती करताना ज्या रयतेवर खान पुन्हा उलटणार होता, ती रयत हिशेबात धरली होती काय? खान फिरून चालून आला. महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले. सातही जण पडले.

त्या मरणापुढे आम्ही मस्तक नमवतो. सोडून देण्याचा निर्णय ज्याने केला, त्यानेच त्याची किंमत आपल्या देहाने दिली. असे धनी फार थोडे. पण एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. त्या सात देहांनी रयतेचे रक्षण झाले नाही. उलट फौज सेनापतीवाचून उघडी पडली, आणि पुढचा भार हंबीरराव मोहित्यांना उचलावा लागला. मरणे वेगळे आणि देणे फेडणे वेगळे.

हा झाला घरचा दाखला. परमुलखातल्या लढाईतून अंग काढून घेताना हिशेब आणखी अवघड होतो. कारण निघणारा आपल्या घरी जातो, आणि मागे राहणाऱ्याचे घर तेथेच असते. १९८७ च्या जुलैत करार होऊन आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखायला गेलेल्यांना ऑक्टोबरात तमिळ वाघांशीच लढावे लागले. अकराशेहून अधिक जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच लढाईत. पुढे त्या देशाच्या सरकारनेच ‘आता जा’ म्हटले, आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. मद्रासला स्वागत झाले, पण राज्याचे मुख्यमंत्री त्याला गेले नाहीत. हुकमाने गेलेल्या अन् हुकमाने परतलेल्या पोराने आईला काय सांगावे?

मागे राहिलेल्यांचे तर विचारूच नका. भारताच्या आधाराने तेथे प्रांतिक सरकार उभे झाले होते. त्याच्या रक्षणासाठी तमिळ मुलांची फौज जमवली. कितीकांना बळेच धरून आणले. सेना निघाली तेव्हा पुढारी आणि काही मंडळी भारतात पोचली. हाती बंदूक दिलेली ती पोरे मात्र पुष्कळशी तेथेच राहिली, आणि वाघांच्या तावडीत सापडली. जूनमध्ये युद्ध पुन्हा भडकले. लाखावर माणसे समुद्र ओलांडून तामिळनाडूच्या आश्रयाला आली. कितीतरी होड्या आपल्या रामेश्वराच्या किनाऱ्यालाच लागल्या. ते युद्ध थांबले २००९ मध्ये.

कोणी म्हणेल, ‘मग काय जन्मभर लढतच राहायचे?’ छे! परक्याच्या अंगणात बळाने बसून राहणे हा धर्म नव्हे. आणि तेथे मरणारा जवानही कोणा माउलीचाच लेक. निघणे योग्यच होते. आमचे म्हणणे इतकेच, की निघण्याचा दिवस ठरवताना आपल्या भरवशावर कोण कोण उभे आहे, याची मोजदाद आधी व्हावी. पुढाऱ्याला जहाजात जागा आणि धरून आणलेल्या पोराला नाही, हा न्याय नव्हे.

वारीत मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार हरवल्या-सापडल्याची वर्दी देतो. दिवसभर चालून पाय मोडलेले असतात, पोटात भूक असते, तरी सारा समाज उभा राहून ऐकतो. कोणाचा तांब्या, कोणाची पिशवी, कधी कोणाची म्हातारी. राज्याचा कारभार वारीहून मोठा खरा. पण मोठ्या कारभाराला ही लहान रीत माफ आहे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?