मागे राहिलेली धून

देश सोडून गेलेल्या कुटुंबांच्या पेटीत एखादी खूण जपलेली असते. जुना पासपोर्ट, नव्या नागरिकत्वाचा कागद, आजीच्या लग्नातला चांदीचा पेला. ती जाणाऱ्याबरोबर जाते. एका ज्यू निर्वासिताची खूण मात्र आपल्याकडे राहिली: एक धून. वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीसारख्या गावात माणसं वावरात निघायच्या आधी रेडिओ लागायचा. आधी तंबोऱ्यावर व्हायोलिनची हुरहुर लावणारी आकाशवाणीची ओळखधून यायची, मग वंदे मातरम्. नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झालं आणि वऱ्हाडातल्या कित्येक घरांची पहाट या धुनेने होऊ लागली. ती बांधणाऱ्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं: वॉल्टर कॉफमन.

कॉफमन 1907 साली कार्ल्सबादला जन्मले, बर्लिन आणि प्रागमध्ये शिकले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, 1934 मध्ये, ते मुंबईला आले. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची भाची. तिची आई एली हिला 1941 मध्ये नाझींनी पोलंडमधल्या लॉज शहरातल्या ज्यू वस्तीत पाठवलं. ती परतली नाही.

हिंदुस्थानी संगीताच्या पहिल्यांदा ऐकलेल्या ध्वनिमुद्रिका कॉफमनना अगदी परक्या वाटल्या होत्या. पण ज्या संगीतावर कोट्यवधी माणसं जीव टाकतात ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच आहे, असं त्यांनी मानलं आणि ते शिकायला बसले. घरदार सुटलेल्या माणसाला आपलं तेवढंच धरून बसावंसं वाटणं किती साहजिक होतं! त्यांनी तसं केलं नाही, म्हणून शिवरंजनी रागाच्या छायेतली ती धून त्यांना सुचली.

ऑल इंडिया रेडिओला हे नाव मिळालं 1936 मध्ये. धूनही त्याच सुमाराची. तेव्हा ती ऐकणारे आपले आजे-पणजे प्रजा होते, नागरिक नव्हते. कॉफमनना येऊ दिलं ते इंग्रजांच्या राज्याने. म्हणून ‘आम्ही आसरा दिला’ हा अभिमान मला पुरता पटत नाही. देश हरवलेल्या एका माणसाने, देश अजून हाती न आलेल्या लोकांना त्यांचा आवाज दिला, हे त्याहून खरं आहे.

1946 मध्ये ते मुंबई सोडून गेले. आपल्या राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमं लागू झाली त्यानंतर, 1949 च्या नोव्हेंबरात; आपण नागरिकत्व देऊ शकण्याआधीच ते गेले होते. त्यांच्या वाट्याला पुढे कॅनडात विनिपेगचा वाद्यवृंद आला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ, आणि 1964 साली अमेरिकेचं नागरिकत्व. त्या कागदाला कमी लेखू नये. हक्क काढून घेतले की माणूस किती उघडा पडतो, हे एलीच्या शेवटाने दाखवलं आहे. पण नागरिक झाल्यावर चार वर्षांनी कॉफमननी प्रसिद्ध केला तो उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा ग्रंथ. आपल्याकडची खूण त्यांनीही जपली होती.

आपण निदान नाव जपावं. त्यांचा जन्मदिवस 1 एप्रिल. त्या पहाटे धून लागण्याआधी आकाशवाणीने ते एकदा उच्चारावं, आणि ही मागणी वऱ्हाडातल्या श्रोत्यांनी करावी.