पायताण कुणाच्या पायात?

पायात काय घालावं, हा प्रश्न आमच्या गावात फार उशिरा आला. त्याच्या आधी कितीतरी वर्षं प्रश्न एवढाच होता, की पायात काही आहे का. आता तालुक्याच्या दुकानात गेलं की भिंतभर खोकी रचलेली असतात. पावसाळी वेगळं, चालायचं वेगळं, लग्नाकार्याचं वेगळं. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा सुट्ट्यांना शेतावर येतो, गडकिल्ले फिरतो. तो मला विचारतो, "मामा, चिखलात बी चालंल, थंडीत बी चालंल आणि चारचौघांत बी बरं दिसंल, असं एकच काय घेऊ?" प्रश्न साधा आहे आणि त्याला साधं उत्तरही आहे, ते पुढं सांगतोच. पण मला या 'एकच' शब्दापाशी थांबावं लागतं. घरात पायताण एकच असेल तर ते कुणी घालायचं? माझं निम्मं आयुष्य ज्या घरात, ज्या गावात गेलं, तिथं खरा प्रश्न हा होता.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला. खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला भात. मृगापासून चार महिने चिखल, आणि दिवाळी सरली की नदीकाठचा हाडात शिरणारा गारठा. चपलेला आमच्याकडं पायताण म्हणतात. कोल्हापूर जवळ, म्हणजे पायताणाचं माहेरच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठी बातमी आली होती. पण ज्या चपलेनं मुलखाचं नाव केलं, ती या मुलखाच्या पावसात मात्र चालत नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं ते कातडं. उन्हाळ्यात त्याच्यासारखं पायाला गार काही नाही, पण पाणी लागलं की ते फुगतं, वाळलं की आखडतं. म्हणून मृगाचा पाऊस दिसायला लागला की आबा आपलं पायताण तेल लावून आढ्याला टांगून ठेवायचे. ते खाली उतरायचं दसऱ्याच्या सुमाराला. मधले चार महिने सगळं गाव अनवाणी.

चिखल चिखल म्हणतो आपण, पण चिखलाच्याही जाती आहेत. नदीकाठची काळी माती पायाला धरते. दहा पावलं चाललं की पायताणाला शेर-शेर माती चिकटते आणि माणूस विटा बांधल्यासारखा चालायला लागतो. वरची तांबडी माती धरत नाही, ती घसरवते. आणि भाताच्या खाचरातला चिखलणी केलेला राप ओढतो. त्यात पाय गेला की माती तो सोडत नाही. रबरी स्लिपर गावात आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण काळ्या मातीत तिचा अंगठा उपटायचा आणि रस्त्यावर ती पार पाठीपर्यंत शिंतोडे उडवायची. उपटलेल्या अंगठ्याला खालनं सेफ्टी पिन लावून एकेक स्लिपर दोन-दोन पावसाळे काढायची. टायरचं पायताण झिजत नव्हतं, पण जड आणि ताठ, बोटं सोलायची. गमबूट आले ते नंतर.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. रोपलावणीच्या खाचरात कुठलंच पायताण चालत नाही. गमबूट घालून उतरलं तर पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. तिथं अनवाणी पायच शहाणा. चिखल किती खोल आहे, खाली दगड आहे का, पाणी किती धरलंय, हे तळपायाला कळतं. आमच्या आत्तीला वाफ्यात पाय ठेवल्याबरोबर कळायचं की अजून एक फेर नांगर पाहिजे. तेव्हा अनवाणी म्हणजे बिचारा, असं मी म्हणणार नाही.

पण खाचर संपलं की बांध आहे, बांध संपला की वाट आहे. बांधावर काटा आहे, गवतात घोणस आहे. आणि दिवसभर पाण्यात भिजलेल्या पायाला चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फाटते, आणि रात्री अंथरुणात ती आग आग होते. बायका मेंदी थापायच्या, कोण गोडं तेल लावायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे तरवा उपटायला परत त्याच पाण्यात. अशा फाटक्या कातडीतनंच लेप्टोचे जंतू शिरतात, हे पुढं दवाखान्यातल्या माणसांनी सांगितलं. उंदरांच्या लघवीनं ते पाण्यात उतरतात. कोकणात भाताच्या हंगामात या तापानं माणसं गेली आहेत. म्हणजे पायाच्या जखमेचा प्रश्न पायापुरता राहत नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमच्या घरात पायताणं होती, पण ती मानाप्रमाणं होती. पहिलं आबांना, कारण ते चावडीवर जायचे. मग थोरल्या भावाला, कारण तो कोल्हापूरला शिकायला. मग आम्हा धाकट्यांना, जुनं-पानं. आईला एक जोड होता, तो माहेरी जाताना आणि लग्नाला. वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं पायात घालून मिरवायचं नाही, अशी तेव्हाची रीत. आणि गड्याला काहीच नाही. गडी रात्री उसाला पाणी पाजायला जायचा, आई पहाटे गवताला जायची. चावडीच्या सारवलेल्या कट्ट्यावर साप निघत नाही. तो निघतो उसाच्या सरीत आणि गवतात. तरी पायताण चावडीवर जायचं, आणि सरीत जायचे उघडे पाय.

हे आमच्याच घरचं नव्हतं. आपल्याकडं पायताण ही वस्तू पाय राखण्यासाठी कमी आणि पायरी दाखवण्यासाठी जास्त वापरली गेली. भरतानं पादुका सिंहासनावर ठेवल्या, त्या मान म्हणून. पण या मानाला दुसरी बाजूही होती. ज्यानं कातडं कमावलं, शिवलं, त्यालाच वरच्या आळीतनं जाताना पायताण काढून हातात घ्यावं लागायचं. मी लहान असताना म्हातारी माणसं हे सहज सांगायची, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. वस्तू करणाऱ्याचा पाय उघडा आणि बसून खाणाऱ्याचा झाकलेला, यात कुणाला काही खटकायचं नाही.

मला वेगळं काही पाहायला मिळालं ते ऊसतोडणीवाल्यांच्यात. दरसाल हंगामाला बीडकडनं टोळ्या यायच्या. नवरा-बायकोच्या जोडीला त्यांच्यात 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं. माणसं दोन, पाय चार, पण हिशेबात अवजार एक. एका थंडीत आमच्या फडात अशीच एक जोडी होती. त्यांच्याकडं बुटांचा एकच जोड होता. बाजारात जुने मिळतात तसले कापडी बूट, बाप्याच्या मापाचे, नाडीच्या जागी सुतळी.

तोडलेल्या फडात चाललात का कधी? कोयता उसाला जमिनीलगत, तिरका घालतात. मागं जे बुडखं राहतं ते भाल्यासारखं असतं. वर पाचट पसरलेलं, त्यावर पहाटेचं दव, त्यामुळं खालचं काही दिसत नाही. दिवसा तोडताना बूट नवऱ्याच्या पायात असायचे. बायको मागं मोळ्या बांधायची, ती जरा मोकळ्या जागेत. रात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या भरायच्या. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायचं. फळी दवानं ओली, पाय चिखलानं माखलेले. बाई चढायची, गडी वर रचायचा. तेव्हा तेच बूट बाईच्या पायात. आत चिंध्या कोंबलेल्या, सुतळी आवळून घोट्याला बांधलेली.

आईनं तिला एकदा विचारलं, "अगं, नवऱ्याचं बूट तू घालतीस, त्यो काय म्हनत न्हाई?"

ती म्हणाली, "काय म्हणायचंय मावशी? जिकडं पाय मोडायची भीती, तिकडं बूट. पाय मोडला तर उचल कोण फेडायचं?"

या उत्तरात कुठं तत्त्वज्ञान नव्हतं, गरज होती. तरी मी त्यावर आजवर विचार करत आलोय. आमच्या घरात चार जोड होते आणि ते मानाप्रमाणं वाटलेले होते. त्यांच्याकडं एकच होता आणि तो धोक्याप्रमाणं फिरत होता. गरिबीचं मला कौतुक सांगायचं नाही. त्या दोघांना दोन जोड असते तर ते शंभर पटीनं बरं झालं असतं. पण वाटणीची रीत कुणाची बरोबर होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढं आबांशी माझा यावर वाद व्हायचा. ते वाईट माणूस नव्हते. म्हणायचे, "अरं, त्यास्नी सवय असती. जल्माचं अनवानी हैत, कातडं टायरगत झालंय. पायात घाटलं तर उलट अडखळत्याल." हे बोलणं मी अनेक घरांत ऐकलंय आणि त्यात थोडं खरंही आहे. पाय घट्टे पाडून स्वतःचं पायताण स्वतः तयार करतो. पण तेच कातडं थंडीत टाचेला फाटतं, भेगांतनं रक्त येतं. मेण आणि तेल कढवून त्या भेगांत कढत-कढत सोडताना आत्ती दात कसे आवळून धरायची ते मी पाहिलंय. सवय लागली म्हणजे दुखत नाही असं नाही. सवय लागली म्हणजे माणूस सांगत नाही, एवढंच. आणि दुसऱ्याच्या सवयीवर आपली काटकसर करणं हे सोयीचं असतं, न्यायाचं नसतं.

कुणी म्हणेल, वारीत माणसं अनवाणी चालतात, त्यांचं काय? चालतात, आणि त्यांच्यापुढं माझी मान खाली जाते. पण ज्याच्याकडं पायताण आहे तो ते काढून ठेवतो, त्याला व्रत म्हणावं. ज्याच्याकडं नाहीच, त्याच्या उघड्या पायाला आपण साधेपणा म्हणून नमस्कार करायला लागलो तर आपण त्याची फसवणूक करतो. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी-आदिवासी चालत मुंबईला गेले. सुमारे 180 किलोमीटर. सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दहावीच्या पोरांना परीक्षेला अडचण नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीतनं चालले, आणि मुंबईतल्या काही लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांना चपला दिल्या. मला त्या देणाऱ्यांचं फार बरं वाटलं. त्यांनी पायांचे फोटो पाहून नुसतं हळहळून सोडलं नाही, पायाच्या मापाचं काहीतरी आणलं.

आता भाच्याचं उत्तर. सगळ्याला चालेल असं एकच पायताण नसतं. जे सगळ्याला चालतं म्हणतात, त्यात जिथं ते कमी पडतं तिथं पाय ते सोसतो. तरी एकच घ्यायचं तर कातड्याचं नको. तळ रबरी घे. त्याच्या खाचा खोल आणि लांब-लांब हव्यात, म्हणजे माती अडकत नाही, झटकली जाते. टाच मागनं बांधलेली हवी, नाहीतर चिखलात पायताण मागं राहतं. थोडं सैल घे, म्हणजे थंडीत लोकरी मोजा मावतो. घट्ट बुटात जाड मोजा घातला तर रक्त अडतं आणि पाय उलटा गार पडतो. थंडीचा खरा वैरी ओल आहे, म्हणून मोज्यांचे दोन जोड ठेव, एक पायात, एक वाळत. बूट भिजले तर चुलीपुढं ठेवू नकोस, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि सावलीत वाळव. रात्री शेतात जाणार असशील तर मात्र गुडघ्यापर्यंतचा गमबूट आणि हातात बॅटरी. साप चावतो तो बहुतेक वेळा पायालाच. आणि गमबूट घालण्याआधी उलटा करून आपट, विंचू आत बसलेला असतो.

एवढं सांगून झालं की मी त्याला अजून एक सांगतो, आणि ते त्यानं न विचारता सांगतो. आमच्याकडं शेतीपंपाला वीज अजून रात्रीची येते. थंडीत रात्री दोन वाजता उसाला, गव्हाला पाणी पाजायला कुणीतरी जातंच. आता गोठ्याच्या खुंटीला गमबुटांचे दोन जोड टांगलेले असतात, एक मोठ्या मापाचा, एक लहान. ते कुणाचे, असं घरात कुणी विचारत नाही. जो पाण्याला जाईल त्याचे. गडी जाईल तर गड्याचे, मी गेलो तर माझे, सून गेली तर लहान माप तिचं. बियाणं आणि खताचा हिशेब धरतो तसा त्यांचा खर्च आम्ही शेतीच्या खर्चात धरतो. दान म्हणून नाही.

तेव्हा दुकानात जाऊन स्वतःसाठी जरूर घ्या. चांगलं घ्या, पायाची हयगय करू नये. फक्त पैसे देताना एवढं आठवा, की आपल्या कामासाठी आज सगळ्यात वाईट वाटेवरनं कोण चालतंय. घरातली बाई असेल, गडी असेल, रोपलावणीला येणारी मावशी असेल. तिच्या पायाचं माप आपल्याला माहीत आहे का? नसेल तर परत जाऊन विचारून यावं. दुकान कुठं पळून जात नाही.