आत्याचा प्रश्न

भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं होतं. अडकून पडलो, म्हणून आत्याला सांगत बसलो : १९८७ मध्ये फ्रान्समध्ये ॲन लुइलिए आणि सहकाऱ्यांनी अवरक्त लेझर आर्गॉनसारख्या वायूतून सोडला, त्यातून टोकाचा अतिनील प्रकाश निघाला. पुढे त्याचेच ॲटोसेकंदांचे झोत झाले. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग. २०२३ ला नोबेल.

"उपयोग काय त्याचा?"

"इलेक्ट्रॉनची हालचाल टिपता येते."

"अन् आमचा पूल?"

आधी राग आला, मग लाज वाटली. पूल काही लेझरमुळे अडलेला नाही. पण उपयोग न विचारता जगानं त्या संशोधनाला ३६ वर्षं दिली; आत्याकडून वर्षं नुसती मागितली जातात.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "पाणी उतरतंय."