मरणाचे ऋण मुलाच्या माथी का?

वाचकहो, विषय जरा कडू आहे. घरात म्हाताऱ्या माणसाने आपल्या मरणाची गोष्ट काढली की सून म्हणते, "मामंजी, तिन्हीसांजेचं असलं अभद्र बोलू नका." म्हातारा गप्प बसतो. सर्वांनाच बरे वाटते. परंतु हे गप्प बसणे नीतीला धरून आहे काय?

आधी खर्च कोठे होतो ते पाहू. देहाला अग्नी देण्यास साधारण ३०० किलो लाकूड लागते, म्हणजे जुन्या मापाने आठ मण. तिरडीचे बांबू, मडके, कापड, गोवऱ्या यांना फारसे पडत नाही. मुंबईत तर महापालिका स्मशानात लाकूड विनामूल्य देते. खेड्यात कोणी बाभळीचे ओंडके देतो, कोणी गोवऱ्या देतो. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन येतात, ती बिदागी मागत नाहीत. घरची चूल पेटत नाही, तेव्हा सोयरे कडू घास घेऊन येतात. मरणाचा भार एका घरावर पडू नये, तो गावाने वाटून घ्यावा, अशीच ही जुनी रीत आहे.

मग कर्ज कशाचे होते? ते पुढच्या दिवसांचे. दहाव्याचा मंडप, अस्थी घेऊन नाशिकला किंवा पंढरीला जाणाऱ्या गाड्या, तेराव्याचे गोडाचे जेवण, भाऊबंदांचे कपडे, आणि हल्ली चौकात लावायचा फोटोचा फलक. चितेला लागले त्याच्या कितीतरी पट पंगतीला लागते.

लग्नाची तिथी आपण ठरवितो. "सुगी होऊ द्या," असे म्हणता येते. मरण सुगीची वाट पाहत नाही. पेरणीत पैसा अडकलेला असतो आणि नेमके तेव्हाच बोलावणे येते. मग मिळेल त्या व्याजाने पैसा उचलावा लागतो. ५०,००० रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी घेतले, तर वर्षाला नुसते व्याजच १८,००० रुपये होते. वर्षश्राद्ध आले तरी मुद्दल जसेच्या तसे!

सारी कर्जे समारंभांमुळेच होतात, असे मात्र कोणी समजू नये. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही लग्नसमारंभांच्या खर्चाला फाजील महत्त्व दिले जाते, असेच म्हटले होते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे मोठी आहेत. पण म्हणून आधीच भरलेल्या होडीत आणखी एक धोंडा का टाकावा?

येथे कोणी मुलाला उधळ्या म्हणेल. ते अन्यायाचे होईल. त्या दिवशी एखादा चुलता सर्वांसमक्ष म्हणतो, "बापासाठी एवढंही करवत नाही का रं?" याला मुलाने काय उत्तर द्यावे? हात आखडला तर माया नव्हती असे ठरते. बायकोला तर बोलण्याचीही सोय नाही. "नको" म्हणण्याचा अधिकार एकालाच असतो. ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्याला, आणि तोही जिवंत असेतोवरच.

आमच्या गावी एक माळकरी म्हातारे होते. दिवाळीत भाऊबंद जमले असता ते म्हणाले, "माझ्यामागं कर्ज काढून पंगत घालायची न्हाई. दहाव्याला भजन करा. आल्यागेल्याला पिठलं-भाकर वाढा. अस्थी मळ्यात पुरून वर आंबा लावा." चुलतभाऊ रागावून उठून गेला. पुढे म्हातारे गेले. तेराव्याच्या जेवणाची गोष्ट निघाली, मुलगा खाली मान घालून बसला होता. तेव्हा तोच चुलतभाऊ म्हणाला, "दादा सांगून गेलाय." एवढ्याने विषय मिटला.

कोणी विचारील, देह नाशिवंत म्हणणाऱ्याने त्याची एवढी व्यवस्था कशाला लावावी? पण ही काळजी देहाची नव्हे, मागे राहणाऱ्यांची आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शोक मुलाचा, त्याला बापाने का बांधावे? म्हणून "करूच नका" असे सांगू नये. "नाही केले तरी माझे काही राहिले नाही, घरचे असेल तर करा, ऋण काढून नको," असे सांगावे. मुलाला मोकळे करावे, बांधू नये.

बोलण्याबरोबर थोडी तजवीजही हवी. बँकेच्या खात्याला वारसाचे नाव लावले आहे ना, हे पाहावे. एकट्याच्या नावावरचा पैसा नेमका त्या दिवशी हाती लागत नाही. सुगीला थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि ती कोठे आहे, हे घरच्या बाईलाही माहीत असावे. मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत करावयाची असते, हे मुलांना सांगून ठेवावे. दाखल्यावाचून पुढची कामे अडतात.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे ते जन्मभर कीर्तनातून सांगत राहिले. आपण ते ऐकून माना डोलावल्या. आता घरी जाऊन मुलाला जवळ बसवावे आणि ते चार शब्द बोलून टाकावेत. वारीला निघताना आपण घरच्यांना सारे सांगून-सवरून निघतो. या शेवटच्या वाटेला लागतानाच मुके का व्हावे?